मल्चिंगवर किडं सोडावं का?

औशाकडं मामांच्या रानात टरबूज निघून गेलं की एक नकोसं काम उरतं, सरीवर अंथरलेला प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर काढायचं. उन्हानं कडक झालेला तो कागद ओढला की सरळ येत नाही. निम्मा हातात येतो, निम्मा मातीत राहतो, आणि मग चिंध्या वेचत बसायचं. मागच्या मे महिन्यात असंच वेचता वेचता मामा म्हणाले, "आरं, प्लॅस्टिक खाणारं किडं निघालंय म्हणायलेत. मोबाईलवर आलं होतं. मग हितं सोडून द्यावं का? कटकटच मिटंल."

मी लातूरला रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळं घरातले असले प्रश्न फिरून फिरून माझ्याकडंच येतात. उत्तर 'नाही' असंच होतं. पण मोबाईलवर आलेली बातमी खोटीही नव्हती. प्लॅस्टिक तोडणारी एन्झाइम खरोखर आहेत, माणसानं ती सुधारली आहेत, आणि त्यांच्या जोरावर जुन्या बाटलीची नवी बाटली करून झाली आहे. फक्त मामांच्या हातातली चिंधी त्यातली नव्हती. का नव्हती, ते सांगायला भाकरीपासून सुरुवात करावी लागते.

ज्वारीच्या भाकरीचा कोरडा घास कालवणाशिवाय नुसता चावत राहा. थोड्या वेळानं तो गोडसर लागायला लागतो. भाकरीत कुणी साखर घातलेली नसते. ज्वारीतलं स्टार्च म्हणजेच साखरेच्या शेकडो-हजारो कड्यांची लांब साखळी. साखळी जिभेला गोड लागत नाही, सुटी कडी लागते. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम ही साखळी मधूनमधून तोडतं, म्हणून गोडी येते. एन्झाइमला पुस्तकात 'विकर' म्हणतात, पण तो शब्द मी वर्गाबाहेर कधी ऐकलेला नाही. एन्झाइम म्हणजे एक प्रथिन. घडी घालून बसलेलं, आणि त्या घडीत एक खाच. त्या खाचेत बरोबर बसेल तोच बंध ते तोडतं. स्वतः खर्ची पडत नाही. एक बंध तुटला की पुढच्याकडं जातं.

अशा कड्याकड्यांच्या साखळीला पॉलिमर म्हणतात. कापूस पॉलिमर, पऱ्हाटी पॉलिमर, पैठणीचं रेशीम पॉलिमर, पाण्याची बाटली आणि मल्चिंगही पॉलिमरच. फरक आहे तो दोन कड्या कशानं जोडल्या आहेत यात. मी त्याला गाठ म्हणतो. एन्झाइम प्लॅस्टिक ओळखत नाही, गाठ ओळखतं. या लेखातली निम्मी रसायनं विसरलात तरी चालेल, हे एवढं विसरू नका.

जाता जाता पैठणीचं. रेशीम प्रथिनाचं असतं आणि त्याच्या गाठी अमाइड जातीच्या. डाग काढणाऱ्या बऱ्याच धुण्याच्या पावडरींत प्रथिन तोडणारं एन्झाइम घातलेलं असतं. शर्टावरचा दुधाचा डाग आणि पदरावरचा मोर यातला फरक त्याला कळत नाही. त्याला दोन्हीकडं गाठ तीच दिसते. एन्झाइमवाल्या पावडरीत पैठणी बुडवू नका.

आता पाण्याची बाटली. भंगारवाले तिला 'पेट' म्हणतात. पूर्ण नाव पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल या दोन कड्या आलटून पालटून जोडल्या की पेट तयार होतं. दोन्ही कड्या मुख्यतः खनिज तेलातून येतात. पेटचा सगळ्यात मोठा वाटा बाटल्यांत नाही तर कापडात जातो. आपण ज्याला पॉलिस्टर म्हणतो ते हेच. यातली गाठ एस्टर जातीची असते. एस्टर गाठ बांधताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि गाठीत पाण्याचा रेणू परत घुसवला की ती सुटते. कारखान्यात ही गाठ 270-280 अंश तापमानाला, अँटिमनीसारख्या धातूच्या मदतीनं बांधतात. सोडवायचं काम एन्झाइम कोमट-गरम पाण्यात करू शकतं.

आणि ही एस्टर गाठ निसर्गाला नवी नाही. झाडाच्या पानावर जी चकचकीत मेणट कातडी असते, तिच्यात क्युटिन नावाचं पॉलिमर असतं. तेही एस्टर गाठींचंच, एका अर्थानं झाडाचं पॉलिस्टर. ते फोडून आत शिरण्यासाठी बुरशी आणि जिवाणूंनी फार पूर्वीच क्युटिनेज नावाची एन्झाइम घडवली. म्हणजे कात्री आधीपासून होतीच, माणसानं तिच्यासमोर नवं कापड आणून टाकलं.

हे कापड एका जिवाणूनं पोट भरण्यासाठी वापरलं, ती बातमी मार्च 2016 मध्ये आली. जपानमधल्या ओसाकाजवळच्या साकाई शहरात बाटल्यांचा पुनर्वापर करणाऱ्या कारखान्याजवळच्या नमुन्यांतून शास्त्रज्ञांना एक जिवाणू मिळाला. नाव इडिओनेला साकायन्सिस. तो पेटवर जगत होता. त्याच्याकडं दोन एन्झाइम होती. पेटेज साखळी तोडून तुकडे पाडतं, आणि एमएचईटेज त्या तुकड्यांच्या सुट्या कड्या करतं. आमच्याकडं त्याच्या पुढच्याच महिन्यात, 12 एप्रिलला, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वॅगन, पाच लाख लिटर. बाटलीबंद पाणी तेव्हा गल्लोगल्ली झालं होतं. प्लॅस्टिक खाणाऱ्या जिवाणूच्या बातमीकडं बघायला लातुरात तेव्हा कुणाला सवड होती?

त्या जिवाणूनं पेटची पातळ फिल्म जवळपास संपवली, पण 30 अंशाला सहा आठवडे लावून. शिवाय ती फिल्म मऊ, अस्फटिकी होती. बाटलीचं पेट तसं नसतं. इथं कडबा आठवा. सैल टाकलेल्या कडब्यातून जनावर सहज दोन धाटं ओढून खातं. तोच कडबा यंत्रात घालून आवळून बांधला, तर गाय तोंड मारत बसते आणि हाती काही लागत नाही. पेटच्या साखळ्या काही ठिकाणी अशाच घट्ट रचलेल्या असतात. त्या भागाला स्फटिकी म्हणतात. एन्झाइमच्या खाचेत साखळी शिरायची तर ती थोडी ढिली हवी, आणि पेट पाण्यात ढिलं व्हायला लागतं ते साधारण 65-70 अंशाच्या पुढं. साकाईचं पेटेज एवढ्या उष्णतेत टिकत नाही. अंड्याचं पांढरं उकडल्यावर होतं, तसं त्याचं होतं. घडी मोडते, खाच जाते.

म्हणून खरी मजल मारली ती दुसऱ्याच एन्झाइमनं, आणि ते सापडलं उकिरड्यात. उकिरडा मी माझा शब्द वापरतोय. तो होता पानांच्या कंपोस्टचा ढीग, जागा परत ओसाकाच्याच आसपास. आपल्या खताच्या ढिगात पहाटे हात घातला की चटका बसतो ना, तसे कंपोस्टचे ढीग आतून तापलेले असतात, आणि तिथल्या सूक्ष्मजीवांची एन्झाइमही उष्णतेला सरावलेली असतात. संशोधकांनी तिथले जिवाणू वाढवत बसण्याऐवजी ढिगातला डीएनए थेट काढला आणि त्यात शोध घेतला. 2012 मध्ये मिळालेल्या त्या क्युटिनेजला एलसीसी म्हणतात. पानं फोडायची ही कात्री पेटही कापत होती.

पुढं फ्रान्समधल्या तुलूझचे संशोधक आणि कार्बिओस ही कंपनी यांनी एलसीसीवर काम केलं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्यांनी या माळेतले चार मणी बदलले, एवढंच. दोन मणी असे निवडले की त्यांच्यात गंधकाचा पूल तयार होईल आणि उष्णतेत घडी मोडणार नाही. बाकीचे दोन खाचेजवळचे. 2020 साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की 72 अंशाला दहा तासांत 90 टक्के पेट सुट्या कड्यांत. सहा आठवडे कुठं आणि दहा तास कुठं. त्या कड्या शुद्ध करून त्यांनी परत पेट केलं आणि त्याच्या बाटल्या फुंकल्या.

72 का, 80 का नाही? कारण जास्त तापवलं तर पेट ढिलं होता होता स्वतःच स्फटिक धरायला लागतं. साखर कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे पटकन कळेल. पाक कुठल्या क्षणी दाणा धरतो यावर तिथं सगळा खेळ असतो. इथंही शर्यत आहे. दाणा धरायच्या आत एन्झाइमनं साखळी तोडली पाहिजे.

कुठले मणी बदलायचे हे कसं ठरवतात? एक रीत आपल्याला परकी नाही. जालना बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये तिथं महिको सुरू केली, आणि बियाण्याच्या धंद्याचं मूळ तत्त्व निवडीचं. भरपूर रोपं लावा, पाहिजे तो गुण ज्यांत दिसेल ती ठेवा, त्यांच्यातून पुढची पिढी घ्या. अमेरिकेत फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी हेच एन्झाइमवर केलं. जनुकात मुद्दाम चुका पाडायच्या, हजारो नमुने तयार करायचे, तपासायचे, चांगला निघेल त्यात परत चुका पाडायच्या. 1993 साली त्यांनी धुण्याच्या पावडरीत असतं त्या जातीचं एक एन्झाइम असं बदलत नेलं की सेंद्रिय द्रावकात, जिथं मूळ एन्झाइम मान टाकतं, तिथं ते अडीचशेपट काम करू लागलं. 2018 चं रसायनशास्त्राचं निम्मं नोबेल त्यांना मिळालं. शेतकऱ्याला हंगाम थांबावं लागतं, यांचा हंगाम काही दिवसांचा, एवढाच काय तो फायदा. अलीकडं संगणकही मदतीला आलाय. 2022 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या गटानं साकाईच्या पेटेजमध्ये कुठले बदल करावेत हे मशिन लर्निंगला विचारलं. पाच बदलांचं ते एन्झाइम 50 अंशाला चाललं आणि बाजारातली पेटची पातळ खोकी आठवड्याभरात विरघळवून दाखवली.

इथवर वाचून 'मग झालं की' असं वाटलं असेल, तर जरा दम धरा. पहिली गोष्ट, बाटली नुसती टाकीत टाकून चालत नाही. ती आधी वितळवून झटकन थंड करावी लागते, म्हणजे स्फटिक जमत नाहीत, आणि मग बारीक दळावी लागते. या सगळ्याला वीज लागते. दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त अडचणीची, आणि बातम्यांत ती कधी येत नाही. पेट तुटलं की आम्ल सुटतं. आम्ल वाढलं की एन्झाइम मंदावतं, म्हणून सतत कॉस्टिक सोडा घालावा लागतो. नंतर टेरेफ्थॅलिक आम्ल परत मिळवायला सल्फ्युरिक ॲसिड. बाजूला उरतं सोडियम सल्फेट. कागदावर हिशेब मांडला तर एक किलो पेटमागं 400 ग्रॅमच्या आसपास सोडा, आणि अर्ध्या किलोपेक्षा जास्त हे सोडियम सल्फेट. सोडा न वापरता किंवा तोच परत फिरवून काम भागवायच्या खटपटी चालू आहेत. त्या जमल्याशिवाय याला हिरवं वगैरे म्हणायची मला घाई नाही.

मग साध्या, स्वच्छ बाटलीसाठी हा खटाटोप कशाला? ती तर भंगारवाला घेऊनच जातो, धुऊन, चुरा करून, वितळवून तिचे धागे होतात. ते स्वस्त आहे आणि चांगलं चाललंय. फक्त प्रत्येक वितळणीत साखळी थोडी आखूड होते, रंग मळतो, आणि बाटलीची परत बाटली होण्यापेक्षा सतरंजी होणं सोपं पडतं. एन्झाइमची खरी जागा, मला विचाराल तर, जिथं ही वितळवण्याची रीत हात टेकते तिथं आहे. रंगीत खोकी, आणि त्याहून जास्त कापड. घरातल्या जुन्या शर्टावरची पट्टी बघा. कापूस इतका, पॉलिस्टर इतकं. हे मिश्रण वितळवता येत नाही, कापूस जळतो. हातानं उसवताही येत नाही. पण कापसाची गाठ वेगळी आणि पॉलिस्टरची वेगळी. सेल्युलेज घातलं तर ते फक्त कापसाची साखर करतं आणि पॉलिस्टरला हात लावत नाही. क्युटिनेजचं उलटं. एवढी निवड कुठल्या भट्टीला जमायची?

तोडण्याचं झालं. बांधण्याचं काम एन्झाइमकडं त्याच्याही आधी आलं, पण त्याचा गाजावाजा झाला नाही. 1985 पासून जपानमध्ये ॲक्रिलामाइड हे रसायन जिवाणूतल्या नायट्राइल हायड्रेटेज या एन्झाइमनं तयार होतंय. क्योटो विद्यापीठातल्या संशोधनातून हे उभं राहिलं. पूर्वी त्यासाठी तांब्याचा उत्प्रेरक आणि बरीच उष्णता लागायची, एन्झाइमला थंड पाणी पुरतं. या कड्या जोडून होणारं पॉलिॲक्रिलामाइड गढूळ पाणी निवळवायला वापरतात, आणि साखर कारखान्यात उसाचा रस निवळवतानाही गाळ बसवायला हेच लागतं. म्हणजे मराठवाड्यातल्या कारखान्यांवर हे नाव ओळखीचं. गंमत अशी की कडी एन्झाइमनं केली तरी कड्या जोडल्या जातात त्या कार्बनला कार्बन लावून, आणि ही साखळी एन्झाइमला तोडता येत नाही. बनवायला सोपं म्हणजे मोडायला सोपं असं नसतं.

पूर्ण साखळीच एन्झाइमकडून बांधून घ्यायची तर जिवाणूकडं जावं लागतं. 1926 मध्ये मॉरिस लेमॉइन या फ्रेंच शास्त्रज्ञाला दिसलं की काही जिवाणू पोटात पॉलिस्टर साठवतात. खायला भरपूर आहे पण नत्रासारखं काही कमी पडलंय, वाढता येत नाही, अशा वेळी जिवाणू जास्तीचा कार्बन या साखळीत बांधून ठेवतो. आपली कणगीच ती. काही जिवाणूंच्या कोरड्या वजनात 80 टक्क्यांपर्यंत हेच भरतं. या प्लॅस्टिकना पीएचए म्हणतात. ती बांधणारं एन्झाइमही माणसानं बदललंय. 2008 मध्ये जपानी संशोधकांनी त्याला लॅक्टिक आम्लाची कडी घ्यायला शिकवलं, जी ते निसर्गात घेत नाही. लॅक्टिक आम्ल म्हणजे आपल्या दह्यातलंच. एरवी त्याच्यापासून पीएलए हे प्लॅस्टिक करतात ते आंबवून मिळालेल्या आम्लावर पुढं रासायनिक प्रक्रिया करून.

या सगळ्याला कच्चा माल लागतो तो साखर. हे ऐकलं की आमच्याकडं लगेच कुणीतरी म्हणतं, मग ऊस आहेच की. आहे. पण ज्या जिल्ह्याला रेल्वेनं पाणी पाजावं लागलं तिथं प्लॅस्टिकसाठी आणखी ऊस लावा असं सांगायची माझी तरी हिंमत नाही. कारखान्याची मळी, बगॅस म्हणजे उसाचा चोथा, आणि बांधावर जाळून टाकतो त्या पऱ्हाट्या यांच्यातून साखर काढून काम झालं तर बोला. पऱ्हाटीला कडक ठेवणाऱ्या लिग्निननं तेही अवघड करून ठेवलंय.

तर मामांची चिंधी. मल्चिंग पेपर पॉलिथिनचा. ठिबकची नळी पॉलिथिनची, शेततळ्याचा कागदही बहुधा तोच. पॉलिथिनमध्ये कार्बनला कार्बन, त्याला पुढं कार्बन, अशी सरळ साखळी. ऑक्सिजन नाही, नत्र नाही, पाणी घुसवायला फट नाही. पाण्यानं सुटेल अशी गाठच नाही तर एन्झाइम सोडवणार काय? उन्हानं ती साखळी ठिसूळ होते, तिचे तुकडे पडतात, पण तुकडा म्हणजे पचन नव्हे. मधाच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या अळीच्या लाळेत पॉलिथिनवर परिणाम करणारी एन्झाइम मिळाल्याचं 2022 साली स्पेनमधून प्रसिद्ध झालं. त्यावर शंका घेणारं संशोधनही मागोमाग आलं. मोबाईलवर पहिलं येतं, दुसरं येत नाही.

किडं शोधण्यापेक्षा कागदातच आधी गाठ घालून ठेवणं सोपं, आणि तसे कागद आहेत. पीबीएटी नावाच्या पॉलिस्टरचं मल्चिंग निघतं. त्याच्या एस्टर गाठी मातीतल्या बुरशी आणि जिवाणूंना, त्यांच्या क्युटिनेजसारख्या एन्झाइमना ओळखीच्या. पीक निघालं की नांगरून टाकायचं. युरोपनं 2018 मध्ये अशा कागदासाठी मानक ठरवलं, मातीत दोन वर्षांत किमान 90 टक्के विघटन. ते प्रयोगशाळेतल्या ओल्या मातीत. आमच्या रानात मार्च ते जून ढेकूळ फुटत नाही. ओल नाही तिथं सूक्ष्मजीवही झोपलेले, त्यामुळं इथं तोच कागद किती दिवसांत जाईल हे इथंच लावून बघावं लागेल.

हे सगळं मी मामांना एवढ्या लांबणीनं सांगितलं नाही. गाठीचं तेवढं सांगितलं. ते त्यांना पटलं, कारण दाव्याची गाठ आणि तारेचा वेढा यातला फरक त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो.

"म्हणजे गाठीचा कागद आणायचा. महाग असंल."

"आहे. साध्यापेक्षा बराच."

"आन् वेचायची रोजगारी वाचंल?"

"वाचंल."

ते थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, "औंदा दोन सऱ्या लावून बघू." आणि गोळा केलेल्या चिंध्या खताच्या रिकाम्या पोत्यात दाबून भरायला लागले. पोतं पॉलिप्रॉपिलीनचं होतं, त्यातही तशी गाठ नसते. ते मी तेव्हा बोललो नाही.